किल्लीचा सोमवार

हे घडलं १९७४ साली, जुलैच्या पंधरा तारखेला, सोमवारी. दुसऱ्या दिवशी कार्मेन मातेचा सण होता, म्हणजे ड्रायव्हर लोकांचा सण, आणि बाबा बावीस वर्षं ज्या वर्षाची वाट पाहत होते ते हेच वर्ष. आमच्या डोंगरातल्या गावात, सान्ता इनेसमध्ये, तेव्हा चौतीस जीपगाड्या होत्या आणि मूर्तीचा मान दर वर्षी एकीलाच मिळायचा. यंदा माता आमच्या जीपमधून उतारावरच्या देवळातून पुलापर्यंत जाणार होती.

आणि त्याच सोमवारी दुपारी आम्ही सगळे बाबांकडून गाडीची किल्ली काढून घ्यायला जमलो होतो.

कारण आदल्या मंगळवारचं. कॉफीची सहा पोती आणि चार माणसं घेऊन बाबा उतारावरून येत होते. बेकरीच्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही, डावीकडे ओढली गेली आणि बेकरीच्या ओसरीचा खांब मोडून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चीजच्या पावांची एक परात तेवढी रस्त्यावर पालथी झाली. बाबा खाली उतरले, टोपी काढली आणि जमलेल्या लोकांना म्हणाले, "माफ करा. पाय घसरला."

चौसष्ट वर्षांच्या ड्रायव्हरनं असं म्हटलं की गावाला आणखी काय हवं असतं! संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं होतं, आर्नुल्फोचा, म्हणजे आमच्या बाबांचा, पाय आता कामातून गेला.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते आणि खाली कालार्का शहरात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायचे. सणाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसायची, पण एवेलियोदादाचा निरोप आला होता, "रुबिएला, अर्ध्या दिवसाची रजा काढून ये. बाबांचं काय ते ठरवून टाकू." म्हणून मी दुपारच्या गाडीनं वर आले. पिशवीत ब्रेकच्या लायनरचा एक संच होता. शुक्रवारी बाबा दुकानात येऊन मागून गेले होते. माल संपला होता म्हणून मी म्हटलं होतं, "सोमवारी येईल. कुणासाठी हवेत?"

"लेओनिदाससाठी," बाबा म्हणाले होते. "त्याचे झिजलेत."

लेओनिदास त्यांचा जुना दोस्त. दर वर्षी जुलैच्या शेवटी बाबा त्याच्यासाठी लायनर न्यायचे. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. उतारावर राहणाऱ्यांचे लायनर झिजतात, आणि लेओनिदासला दुकानात यायचा कंटाळा.

अंगणात शिरले तर जीप नवरीसारखी सजलेली. बाबा टपाच्या लोखंडी कमानीला कागदाची फुलं बांधत होते. एदेल्मिराआत्या, बाबांची थोरली बहीण, सावलीत खुर्ची टाकून त्यांच्यावर देखरेख करत होती.

"डावीकडे जास्त झाली फुलं," आत्या म्हणाली.

"डावीकडे बेकरी लागते," बाबा म्हणाले. "खांबानं बघितलं पाहिजे, मी किती सजून आलोय."

"हस, हस. तुझं हसणंच एक दिवस घेऊन जाणार आहे सगळ्यांना." मग मला पाहून, "आलीस? बरं झालं. तू शहाणी आहेस. आत एवेलियो बसलाय, त्याच्या बाजूनं बोल."

बाबांनी ऐकलं. दोऱ्याची गाठ मारता मारता म्हणाले, "रुबिएला, आणलंस का गं ते लेओनिदासचं?"

"आणलंय."

"मग ते टेबलावर नको ठेवूस. माझ्या हातात दे. आत्ता नको. नंतर."

स्वयंपाकघरात काय चाललं होतं ते फाबियोलावहिनीनं मला पुढे सांगितलं. आई चीजचे गोळे तळत होती आणि रडत नव्हती, पण रडण्याच्या अगदी काठावर होती. वहिनी पीठ मळून देत होती.

"तुझ्या नवऱ्याला सांग," आई म्हणाली, "किल्ली घ्यायची तर परवा घे. उद्याचा दिवस त्यांना जाऊ दे."

"मी सांगून बघितलं, आई. ते म्हणतात, उद्याच तर पन्नास माणसं आणि मूर्ती उतारावर असणार."

"मग माझा नवस काय कामाचा? अकरा वर्षं झाली. एकदा चुकवला नाही."

नवस सगळ्यांना माहीत होता. १९६३ च्या पावसात बाबांची जीप घळीत उलटली होती आणि बाबा झुडपात अडकून वाचले होते. तेव्हा आई कार्मेन मातेला बोलली होती की दर वर्षी सणाआधी मी माझ्या हातानं या गाडीचं पोट पुसीन, जिथं कुणाची नजर जात नाही तिथंसुद्धा. आमच्याकडे सणासाठी सगळेच गाडीच्या खालच्या अंगाला रॉकेल आणि जळकं ऑइल एकत्र करून लावायचे. त्यानं चिखल चिकटत नाही, गंज धरत नाही आणि लोखंड काळंभोर चमकतं. पण बाकीच्यांच्या गाड्या धुण्याच्या रॅम्पवरचे पोरगे करायचे. आमच्याकडे आई पाठीवर झोपून, केसांना फडकं बांधून, हातभर ब्रशनं करायची. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीसुद्धा.

"यंदा तर मी आठवडाभर आधीच केलं," आई वहिनीला म्हणाली. "ड्रायव्हर संघाची माणसं गाडी बघायला येणार होती ना. आणि ब्रशनं नाही. कॉफीवर फवारायचा पंप घेतला. कानाकोपऱ्यात गेलं बघ. चाकांच्या आतसुद्धा. इतकी कधी चकाकली नव्हती. आणि त्याच मंगळवारी यांचा पाय घसरला. मातेला माझं काय कमी पडलं, सांग."

वहिनीला गाड्यांतलं काही कळत नव्हतं. तिनं आईच्या पाठीवरून पिठाचा हात फिरवला आणि म्हणाली, "तुमचं काही कमी नाही पडलं."

चार वाजता आम्ही टेबलाभोवती बसलो. मध्ये तळलेल्या गोळ्यांचा ढीग, गुळाच्या गरम पाण्याचं मोठं भांडं. कुणीच हात लावत नव्हतं. एवेलियोदादा अडतीस वर्षांचा, स्वतःही ड्रायव्हर, बाबांच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं भाषण पाठ करून आणलं होतं, हे त्याच्या मानेवरून कळत होतं.

"बाबा, तुमचा अपमान करायचा नाहीये कुणाला."

"म्हणजे करणार," बाबा म्हणाले.

"बघितलंत? कुठलीही गोष्ट हसण्यावारी नेता. तुमचा गुडघा त्या घळीपासून अधू आहे. मंगळवारी ओझं कमी होतं म्हणून खांबावर निभावलं. उद्या मागे मुलं असतील, बायका असतील. मी म्हणतो, मान तुमचाच राहू दे. तुम्ही मूर्तीशेजारी बसा. गाडी मी चालवतो. आणि सणानंतरही... मीच चालवतो."

"अगदी बरोबर," आत्या म्हणाली. "आपल्या वडलांनीही साठीला घोडा सोडला होता."

"घोड्यानं त्यांना सोडलं होतं, एदेल्मिरा."

"तेच ते."

मला बाबांची बाजू घ्यायची होती. मी म्हटलं, "पाय घसरला असता तर गाडी सरळ गेली असती ना, दादा? ती डावीकडे ओढली गेली."

"म्हणजे?"

"म्हणजे एका बाजूचा ब्रेक धरतोय आणि दुसऱ्या बाजूचा नाही, तेव्हा असं होतं. कुणी चाक उघडून बघितलंय का?"

"तुला दुकानात बसून सगळं कळतं," दादा म्हणाला. "बाबांनी स्वतः सांगितलंय, पाय घसरला. की बाबा खोटं बोलतात?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी एकदाच आईकडे पाहिलं, अगदी क्षणभर. मग खिशातून किल्ली काढून टेबलावर, दादाच्या बशीशेजारी ठेवली.

"पाय घसरला," ते म्हणाले. "घे."

एवढ्या सहज! बावीस वर्षं ज्या माणसानं ती किल्ली झोपतानाही उशाखाली ठेवली, त्यानं एकही वाद न घालता ती दिली. दादाला आनंद व्हायला हवा होता, पण त्याचा चेहरा पडला. आईनं अॅप्रनला हात पुसले आणि ती आत निघून गेली.

"एक अट आहे," बाबा म्हणाले. "आज संध्याकाळी दोन तास गाडी माझी. एकट्याची. मग तुझी."

"कशाला?"

"निरोप घ्यायला."

दादानं मला पुढे कितीदा तरी सांगितलं की त्या शब्दामुळेच तो घाईनं उठला. बाबा रडायला लागतील आणि आपण किल्ली परत देऊ, याची त्याला भीती वाटली. तो म्हणाला, "संघानं पाचला देवळाशी बोलावलंय, मूर्तीचा पाट बसवून बघायला. मी आत्ता नेतो, सातला परत आणतो, मग रात्रभर घ्या निरोप." आणि तो बाहेर पडला. पाटावर अंथरायचं कापड घेऊन वहिनी मागे चढली. तिची सहा वर्षांची मुलगी फुलांच्या टोपलीसकट तिच्या मांडीवर.

देवळाकडे जायचं तर आमच्या अंगणातून आधी खाली उतार लागायचा, आणि उताराच्या शेवटी ओढ्याचं वळण.

दादा सीटवर बसला. किल्ली फिरवली, इंजिन लागलं. त्या सीटवर हक्कानं बसायचं त्यानं सोळाव्या वर्षापासून मनात धरलं होतं, तो म्हणायचा, आणि बसल्यावर त्याला वाटलं की आपण कुणाचे तरी बूट घातलेत. तेवढ्यात समोर बाबा. लंगडत नव्हे, धावत आले होते. दोन्ही हात बॉनेटवर टेकून उभे राहिले.

"बंद कर."

"बाबा, सरका. हे बरं नाही दिसत."

"बंद कर म्हणतो ना! पोरीला खाली उतरव. ब्रेक नाहीयेत गाडीला!"

इंजिन थांबलं. ओढ्याचा आवाज यायला लागला.

"ब्रेक नाहीयेत?" दादा खाली उतरला. "आणि तुम्ही मला किल्ली दिलीत? माझी पोर मागे बसलीय!"

"म्हणूनच दोन तास मागत होतो."

"पाय घसरला म्हणालात ना? गावासमोर म्हणालात! मी आठवडाभर झोपलो नाही, बाबांचा पाय गेला, बाबांचा पाय गेला म्हणून... आणि तुम्हाला माहीत होतं?"

आत्या खुर्चीतून उठून उभी राहिली. "आर्नुल्फो, तोंड उघड. तुला गाडीचं दुखणं माहीत होतं आणि तू स्वतःला म्हातारा म्हणवून घेतलंस? तू? तू तर साठ वर्षांचा झालास तेव्हा केक फेकून दिला होतास."

मी पिशवी उचलून आणली. त्यातला खोका बाबांच्या हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला. मला तेव्हा सगळं कळलं होतं असं नाही, पण निम्मं कळलं होतं. मी म्हटलं, "दादा, उजवं मागचं चाक काढ."

"रुबिएला, नको," बाबा म्हणाले.

"काढ, दादा."

दादानं बाकीच्या चाकांना दगड लावले, जॅक लावला, नट सैल केले. चाक निघालं, मग लाकडी हातोड्यानं ठोकून ड्रम निघाला. आणि वास आला. लायनर काळे, ओलसर, बोट लावलं तर बोट घसरावं असे. शेजारच्या सिलिंडरचं रबर फुगून पावासारखं मऊ झालेलं. ब्रेक ऑइलचा असा वास नसतो. हा वास आमच्या घरात सगळ्यांना ओळखीचा होता. दर जुलैत आईच्या केसांना तोच यायचा.

आई दारात उभी होती. हातात तळणीचा झारा. ती पायऱ्या उतरून आली, खाली वाकली, ड्रमच्या आतून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"हे माझं आहे," ती म्हणाली.

"थोडंसं गेलं असेल आत," बाबा म्हणाले. "यंदा पंप होता म्हणून. एरवी एवढं नसतं."

"एरवी?" आई सावकाश उभी राहिली. "एरवी म्हणजे? दर वर्षी जातं?"

बाबांनी टोपी काढली, परत घातली.

"लेओनिदासचे लायनर," मी म्हटलं. "अकरा संच. लेओनिदासच्या जीपला त्यातला एकही कधी लागला नाही, होय ना बाबा?"

"लेओनिदासच्या शेडमध्ये बदलायचो," बाबा म्हणाले. "सण झाला की एका दुपारी. त्या दुपारपर्यंत गाडी पहिल्या दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवायची, ओझं घ्यायचं नाही. निभायचं. यंदा तिनं आठवडाभर आधी केलं, मला पत्ताच नाही. मंगळवारी पोती भरली आणि निघालो."

"अहो," आई म्हणाली. एवढंच. मग आवाज चढला. "अहो, अकरा वर्षं मी तुमच्या ब्रेकवर रॉकेल ओतत होते! आणि तुम्ही बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून मला म्हणत होतात, वा नोएलिया, काय चकाकतेय!"

"चकाकत होतीच की."

"हसू नका! मी नवस कशासाठी केला होता? तुम्ही मरू नये म्हणून! एका शब्दानं सांगता आलं नाही?"

"कसं सांगणार?" बाबा पहिल्यांदाच चिडले. "तू पाठीवर झोपून गाडीखाली जायचीस. बाहेर यायचीस तेव्हा डोळ्यांत ऑइल, कोपरं सोललेली, आणि तोंडावर असं काहीतरी... मला नाही सांगता आलं. पहिल्या वर्षी वाटलं, पुढच्या वर्षी सांगू. मग दुसऱ्या वर्षी सांगायचं तर पहिल्या वर्षाचंही सांगावं लागलं असतं. असं करत करत अकरा झाली."

"म्हणून गावासमोर पाय घसरला म्हणालात."

"पायाला वाईट वाटत नाही, नोएलिया."

आत्यानं नाक ओढलं. "मूर्ख," ती बाबांना म्हणाली. मग आईकडे वळून, "आणि तू पण." मग दादाकडे, "आणि तू सगळ्यांत मोठा. वडलांचा पाय मोजायच्या आधी चाक उघडून बघायला काय झालं होतं तुला?"

"आत्या, तूच तर म्हणालीस, वडलांनी साठीला घोडा..."

"मी घोड्याचं बोलत होते!"

दादा ड्रमशेजारी मातीत बसला होता. म्हणाला, "मी निघालोच होतो. ओढ्याच्या वळणावर..."

"आणि उतारावर तुम्ही न्यूट्रलच करता," फाबियोलावहिनी मागून म्हणाली. तोवर ती एक अक्षर बोलली नव्हती. "पेट्रोल वाचतं म्हणून. मला कितीदा वाटलं, बोलावं. आज सगळ्यांचंच निघतंय तर निघू दे."

बाबांनी मान वळवली. "तू न्यूट्रल करतोस? उतारावर? मी शिकवलेला माणूस?"

"बाबा, सगळेच करतात..."

"सगळेच!" बाबा म्हणाले. "गिअरमध्ये असली की इंजिन गाडीला मागून धरून ठेवतं. तू ते सोडून देतोस आणि सगळा भार या चार ब्रेकवर टाकतोस. आणि माझी किल्ली मागायला येतोस." मग खोक्याकडे हात करून, "दे तो. पाना पण दे."

मग पाच ते आठ आम्ही काम केलं. चारही चाकं उतरवली. पुढच्या चाकांत कमी गेलं होतं, पण गेलं होतं. माझ्याजवळ संच एकच, दोन चाकांपुरता, म्हणून दादा लेओनिदासकडे पळाला आणि त्याच्या शेल्फातून दुसरा घेऊन आला. तिथं खरंच एक पडून होता, बाबांनी कधीतरी जास्तीचा नेलेला आणि विसरलेला. सिलिंडरची रबरं लेओनिदासनंच काढून दिली. ड्रम साबणाच्या गरम पाण्यानं धुतले, पुसून कोरडे केले. पाणी आई तापवून आणत होती. चौथ्या बादलीला ती थांबली आणि बाबांच्या शेजारी उकिडवी बसली.

"दाखवा," ती म्हणाली. "कुठं लावायचं आणि कुठं नाही."

बाबांनी दाखवलं. इथं लोखंडावर चालेल, इथं रबरी नळी आहे, तिला तेलाचा थेंब नको, ही फुगते आणि फुटते. इथं ही फट आहे, आत ब्रेक आहे, इथं फडकं कोंबून मगच ब्रश. आई प्रत्येक जागेवर बोट ठेवत होती, पोरी देवळात जपमाळेचे मणी धरतात तसं.

ब्रेक ऑइल नवं भरलं. मी पायडल दाबत होते, दादा खाली पडून हवा काढत होता. "दाब. धर. सोड." शेवटी पायडल पायाखाली घट्ट झालं. मग बाबांनी दादाला सीटवर बसवलं, आपण शेजारी बसले आणि रिकामी गाडी सपाट रस्त्यावर वीस वेळा हळूहळू थांबवायला लावली, नवे लायनर ड्रमला बसावेत म्हणून. विसाव्या वेळी दादा उतरला, गाडीला वळसा घालून आला आणि किल्ली बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती खिशात टाकली. आत्या म्हणाली, "आता तरी ते गोळे कुणी खाणार आहे का? दगड झालेत."

दुसऱ्या दिवशी मूर्ती बाबांनीच नेली. पहिल्या गिअरमध्ये, देवळापासून पुलापर्यंत. मागच्या तेहतीस गाड्या हॉर्न वाजवून वैतागल्या.

एदेल्मिराआत्या १९७९ मध्ये गेली. किल्लीच्या बाबतीत आपण पहिल्यापासून आर्नुल्फोच्याच बाजूनं होतो, असं ती शेवटपर्यंत सांगायची. एवेलियोदादानं न्यूट्रल कायमचं सोडलं. जीप पुढे त्याच्याकडे आली, आणि १९९९ च्या भूकंपानंतर तीन आठवडे तो तीत पाण्याची पिंपं आणि जखमी माणसं खाली कालार्काला नेत होता. तेव्हा तो त्रेसष्ट वर्षांचा होता. आता तो नाही. फाबियोलावहिनी आहे, मुलीकडे राहते, आणि त्या सोमवारपासून मनात आलेलं बोलायला ती घाबरली नाही. कधी कधी घाबरली असती तर बरं झालं असतं, असं तिचे जावई म्हणतात. मी दुकानात एक्केचाळीस वर्षं काढली. लग्न केलं नाही. गाडी मात्र बाबांनी मला शिकवली, त्याच वर्षी.

आईनं नवस बदलला. पाद्रीबाबांना विचारून बदलला. पुढच्या जुलैपासून ती सणाआधी चारही ड्रम स्वतः उघडायची, धुवायची, लायनरची जाडी नखानं मोजायची. पाच-सहा वर्षांनी दुसऱ्या ड्रायव्हरांच्या बायकाही तिच्याकडे शिकायला यायला लागल्या.

बाबांनी आणखी नऊ वर्षं गाडी चालवली. १९८३ मध्ये एका सकाळी समोरून येणारी बस त्यांना उशिरा दिसली. त्याच दिवशी, कुणी मागितली नसताना, त्यांनी किल्ली दादाच्या घरी नेऊन दिली. १९८६ मध्ये ते अंथरुणातच गेले, तीन दिवसांच्या तापानं.

नवव्या दिवशीची प्रार्थना संपून लोक गेल्यावर आई आणि मी ओसरीवर बसलो होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तेवीस वर्षांपूर्वीची ती घळ. ते म्हणायचे, काही दुखलं नाही, झुडपानं झेललं. अजून काय काय सांगितलं नसेल गं त्यांनी मला?"